साधा का बंगला?

मे महिन्यात आमच्या पुसदला दुपारची कुत्रीसुद्धा मोरीच्या ओल्या कडेला पोट टेकून पडतात. अशा गावात आमच्या घरी एका साहेबाची शेकोटी आली. अख्खी शेकोटी नाही म्हणा. शेकोटीभोवती भिंतीला लावतात ती लाकडाची रंगवलेली महिरप. दोन बाजूंना दोन खांब, वर आडवी रुंद पट्टी आणि त्या पट्टीवर हातभर बाहेर आलेली फळी. केळापूरच्या बाजूला कापसाच्या एका जुन्या कंपनीचा बंगला होता. साहेब केव्हाच आपल्या देशी निघून गेले होते आणि बंगल्यात वटवाघळांचा संसार चालला होता. शेवटी तो पाडायला काढला, तेव्हा सागाच्या तुळया, दारं, खिडक्या सगळं लाकूडवाल्यांनी उचललं. ही महिरप मात्र कोणालाच नको होती. चौकट म्हणावी तर बुटकी, शिवाय उंबरठा नाही. मखर म्हणावं तर देव टेकवायला जागा नाही. मजूर तिच्या ढलप्या काढून चुलीत घालणार होते. म्हणजे सारा जन्म विस्तवाशेजारी उभं राहून जी जळली नाही, ती आता त्यांच्या भाताखाली जळणार होती. कापसाच्या गाठी वाहणारे रहीमचाचा तेव्हा तिथं ट्रक घेऊन उभे होते. ते बाबांचे जिगरी दोस्त. "हे आमच्या फोटोवाल्याच्या कामाचं आहे," असं म्हणून त्यांनी ती गाठींवर दोरीनं आवळली आणि थेट आमच्या दारात आणून उतरवली.

आई कमरेवर हात देऊन बघत होती. "हे काय आनलं व्हय?"

"भाभी, साहेब लोग इसके अंदर आग जलाते थे," रहीमचाचांनी समजावलं.

"घरात? अन् साहेब भाजत नोता?"

"ठंडी के दिनों में, भाभी."

"आमी थंडीत गोधडी घेतो बाप्पा," आई म्हणाली आणि आत गेली. पण महिरप आत घ्यायला नको असं ती म्हणाली नाही, आणि आमच्या घरात आईचं न बोलणं म्हणजेच मंजुरी असायची.

बाबांचा फोटो स्टुडिओ म्हणजे रस्त्यावरची एक लांबट खोली. तिच्या छपराला एका बाजूनं काचा बसवलेल्या होत्या आणि खाली पांढऱ्या मलमलीचा पडदा होता. ऊन जसं सरकेल तसा तो पडदा बाबा काठीनं ओढायचे. महिरप येईपर्यंत लोक नुसत्या चुना मारलेल्या भिंतीपुढे उभे राहायचे, आणि फोटोत प्रत्येक जण रेशनच्या रांगेतून धरून आणल्यासारखा दिसायचा. महिरप त्या भिंतीला टेकवून बसवली, आतल्या पोकळीत काळा कपडा लावला, वरच्या फळीवर एक बंद पडलेलं घड्याळ आणि कागदी फुलांच्या दोन फुलदाण्या ठेवल्या, आणि दुकानाचं नशीबच पालटलं. नवीन जोडपी आली, परीक्षा पास झालेले आले, मुलाचं जावळ काढून आलेले आले. फळीवर एक कोपर टेकवून उभं राहिलं की कोणीही माणूस खानदानी दिसायचा. साहेबाच्या बंगल्यातली वस्तू, म्हणून लोक तिला आधी 'बंगल्यातलं' म्हणायचे. मग नुसतं 'बंगला'च म्हणायला लागले. गिऱ्हाईक आलं की बाबा विचारायचे, "साधा का बंगला?" आणि गिऱ्हाईक छाती पुढे काढून सांगायचं, "बंगला!" साऱ्या तालुक्यात हा शब्द रुळला होता. त्या शब्दात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही, आणि पुढं जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

स्टुडिओच्या मागे आमच्या दोन खोल्या आणि अंगण. मधली अंधारी कोठी बाबांची डार्करूम. त्यामुळे आमच्या घराला एक वास होता, तो मी पुढं कुठल्याच घरात घेतला नाही. एका बाजूनं फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस, नाकाला झोंबणारा वास आणि दुसऱ्या बाजूनं लसणाच्या फोडणीचा. बाबांनी एकदा औषध कालवायला आईची परात नेली, तेव्हापासून आईनं आपल्या सगळ्या भांड्यांना कडेला खिळ्यानं खूण करून ठेवली होती. "खून असन त्याले हात लावाचा नाई" हा घरातला कायदा होता. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा, मग दळणाच्या गिरणीचा फटफटाट, मग दुकानात बाबांचा तो सूर: "मान खाली... नजर इकडं... हालू नका, बोलू नका..." आणि मग सगळं घर श्वास धरून उभं राहायचं. अगदी आईच्या हातातली भाकरीसुद्धा थबकायची, कारण चटकन थापलेल्या भाकरीचा आवाज दुकानात जायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. बाबांचा कॅमेरा जुना, लाकडी तिवईवरचा. काचेवरचं झाकण हातानं काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं. तेवढ्या वेळात माणूस हलला की फोटो गेला.

हिवाळ्यात घरात तुरीच्या ओल्या शेंगा यायच्या. आई त्या मीठ घालून उकडायची, आणि आम्ही अंगणात बसून सोलत सोलत त्यांचा फडशा पाडायचो. अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असला की बाबा डार्करूममधून आपण होऊन बाहेर यायचे, एरवी हाक मारून आईचा घसा बसायचा. आता मी हे लिहिते आहे तेव्हा नातीनं जेवायला काहीतरी पाकिटातलं करून ठेवलं आहे. चांगलं असतं तेही. पण त्याला वास नाही, आणि वास नसलेलं जेवण मला फोटोत बघितल्यासारखं वाटतं.

माझं काम फोटो रंगवायचं. तेव्हा रंगीत फोटो आजच्यासारखा निघत नसे. काळ्यापांढऱ्या फोटोवर पातळ रंग चढवावा लागे. काडीला कापूस गुंडाळायचा, गालावर किंचित गुलाबी, लुगड्याला हिरवा, टोपी पांढरीच ठेवायची. हे मी नववीत असल्यापासून करत होते आणि कॉलेजात गेले तरी सुटलं नव्हतं. त्या हातानंच मी बंगल्याचीही डागडुजी केली. महिरपीवर दुधाळ रंगाची जमीन, तिच्यावर हिरवी वेल, वेलीला गुलाब, आणि मधोमध चोचीला चोच लावून बसलेले दोन पांढरे पक्षी, असं एकंदर चित्र होतं. पण उजवीकडची निम्मी वेल सोलवटून गेली होती आणि एका पक्ष्याचं तर मुंडकंच उडालेलं. बाबा म्हणाले, "भरून काढ." मी विचारलं, "काय काढू?" ते म्हणाले, "जे येते ते." साहेबाकडचे गुलाब मला येईनात. मला येत होतं पऱ्हाटीचं फूल, कारण ते मी लहानपणापासून मामाच्या वावरात बघितलं होतं. म्हणून अर्ध्या वेलीला गुलाब आणि अर्ध्या वेलीला कापसाची फुलं आली. बिनमुंडक्याच्या पक्ष्याला मी मैनेचं डोकं बसवलं, पिवळ्या चोचीचं. बाबांनी बघितलं आणि खुर्चीत बसून पोट धरधरून हसले. म्हणाले, "साहेबाचा पक्षी अन् आपली साळुंकी! जमलं बावा याइचं लगन." काळ्यापांढऱ्या फोटोत ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही, म्हणून तसंच राहिलं.

एका माणसाच्या मात्र लक्षात आलं. महागावकडचा एक तरुण नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला आला. शेतकी खात्यात लागणार होता. त्याला साधाच फोटो हवा होता, पण तो भिंतीपुढे उभा राहायच्या ऐवजी बंगल्यासमोर वाकून उभा राहिला आणि बराच वेळ हलेना. बाबा म्हणाले, "काय पाहून राह्यले?" तो म्हणाला, "पऱ्हाटीचं फूल पयल्या दिवशी पिवळं राह्यते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी. इथं एकाच फांदीवर दोन्ही हायेत. ज्यानं काढलं त्यानं वावरात जाऊन पाह्यलं हाये." बाबांनी काठीनं आतल्या दाराच्या पडद्याकडे दाखवलं. पडद्याआड मी कोणाच्या तरी लग्नातला शालू रंगवत बसले होते. ऐकलं आणि माझा हात शालूच्या काठाबाहेर गेला. आजवर लोकांनी मला 'हात चांगला आहे' म्हटलं होतं, 'रंग जरा सावळा आहे' म्हटलं होतं. मी काय बघितलं आहे हे कोणी म्हटलं नव्हतं. मला तो माणूस तिथंच आवडला. फिरवून फिरवून कशाला सांगू, आता वय झालं माझं. तो माणूस या घटकेला माझ्याच समोर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो आहे आणि मी काय लिहिते याचा त्याला पत्ता नाही.

त्याचं नाव सुधाकर. त्यानं पुढची हालचाल स्वतःच केली, पण रीतीनं केली. दोन्हीकडची लग्नं जुळवणारे नामदेवमामा म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना त्यानं सांगितलं की पुसदच्या फोटोवाल्यांची मुलगी आहे, तिचा फोटो आमच्या घरी दाखवा. नामदेवमामा आले. आईला आकाश ठेंगणं झालं. आईचं म्हणणं, फोटो बंगल्याचाच पाहिजे आणि रंगीतही पाहिजे. बाबांनी मला महिरपीशी उभं केलं, माझं कोपर फळीवर ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्याच्या त्या बाजूला गेले. फोटो उत्तम आला. मग तो रंगवायला माझ्याच पुढ्यात आला आणि मोठाच पेच पडला. स्वतःला किती गोरं करायचं? आई मागं उभी. "जरासा उजळ मार वं, एवढाच तं रंग हाये, कोनाच्या बापाचं काय जाते?" मी माझा हात फोटोशेजारी ठेवला, त्याच्याशी मिळवून रंग कालवला आणि लावला. आईनं दिवसभर भांडी आपटली. मला वाटलं, उद्या तो माणूस मला बघायला येईल तेव्हा फोटोतली वेगळी आणि दारातली वेगळी असं नको. खोटेपणा झालाच तर तो माझ्या रंगाचा होईल, अशी माझी समजूत होती. तो दुसरीकडूनच चालून आला.

नामदेवमामा फोटो घेऊन महागावजवळच्या त्यांच्या गावी गेले. सुधाकर तेव्हा कामावर बाहेरगावी होता. त्याचे वडील म्हणजे गावातलं वजनदार माणूस. कापूस, तूर, बऱ्यापैकी वावर. शब्दाला मान. नामदेवमामांनी पिशवीतून फोटो काढला आणि आमच्याकडे म्हणायची पद्धत होती तसंच म्हणाले, "घ्या, पोरीचा बंगल्यातला फोटो आनला."

"बंगल्यातला?"

"हो, बंगल्यापाशीच काढेल हाये."

"कोनाचा बंगला?"

"आता कोनाचा म्हंजे? त्याइचाच. पुसदले साऱ्याइले मालूम हाये."

यात नामदेवमामा एक अक्षर खोटं बोलले नव्हते. पण सासऱ्यांनी फोटोत बघितलं तर नक्षीचे खांब, घड्याळ, फुलदाण्या. बंगल्याचा दिवाणखाना म्हणतात तो हाच, यात त्यांना शंका उरली नाही. संध्याकाळपर्यंत ते पारावर सांगून आले, सोयरे बंगलेवाले मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेव्हण्यानं येऊन विचारलं, बंगला एकमजली का दुमजली? त्यावर ते म्हणाले, "फोटोत पुरा मावला नाई."

मुलगी बघायचा दिवस ठरला. आईनं अंगण शेणानं सारवलं, पोह्यांना दाणे तळून ठेवले, बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. मी पडद्याआड. सासरे, सासूबाई आणि सुधाकर बसनं पुसदला उतरले. सुधाकर स्टँडवरून सरळ आमच्या दुकानाच्या रस्त्याला लागला, आणि सासऱ्यांना वाटलं, फोटोवाल्यांचं हे नुसतं दुकान, राहणं पुढं बंगल्यात. दुकानात शिरले, बाबांनी हात जोडले, बसायला खुर्च्या दिल्या. सासरे बसेनात.

"बसाले वेळ नाई. आमाले बंगल्यावर जाचं हाये. बंगला कुठी हाये?"

बाबांचा चेहरा उजळला. पाहुण्यांना आपल्या बंगल्याचं इतकं अगत्य! त्यांनी दोन्ही हात पसरून महिरपीकडे दाखवलं. "हा काय, बंगला!"

पडद्याच्या फटीतून मला सासऱ्यांचं तोंड दिसत होतं. ते आधी महिरपीकडे बघत राहिले. मग जवळ गेले, काळा कपडा बोटानं बाजूला केला, मागं चुन्याची भिंत बघितली. घड्याळ कानाला लावलं. मग नामदेवमामांचं नाव घेऊन त्यांनी जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही. "हा बंगला? ह्या फळ्या? म्या साऱ्या गावाले सांगून ठेवलं! माहं नाक कापलं तुमी!"

बाबांना काही कळेना. "पन तुमाले कोन म्हनलं का..."

"फोटो म्हनलं! तुमचा फोटो!" मग ते मुलाकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"मले वाटलं तुमालेबी मालूम हाये," सुधाकर म्हणाला. "मी तुमाले बंगल्याचं कायी बोललोच नाई, बाबा."

मी पोह्यांचं ताट हातात घेऊन उभी होते. ज्या माणसानं माझं पाहणं ओळखलं तो माणूस या चार फळ्यांपायी माझ्या दारातून परत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आईनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं, "जाय बाहीर, पोहे दे, तोंड भरलं का मानूस कमी बोलते." मी बाहेर गेले. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते महिरपीसमोर येरझाऱ्या घालत होते, आणि मग एकदम थांबले. वाट सापडल्यासारखे.

"असं करा," ते बाबांना म्हणाले. "मले लेनं-देनं कायी नको. हा बंगला पोरीसंग द्या. म्या गावात बंगला सांगतला, आता बंगला बंडीत टाकून नेतो अन् दारात उभा करतो. मंग कोनाची टाप हाये मले लबाड म्हनाची?"

बाबांनी महिरपीकडे बघितलं. तिच्या जिवावर आमच्या घरात गहू आला होता, माझी कॉलेजची फी गेली होती, दुकानावर नवीन पाटी चढली होती. बाबा कोणाशी घासाघीस न करणारे, मुलीच्या लग्नात तर नाहीच. त्यांनी खांद्यावरच्या काळ्या फडक्याला हात पुसले आणि अगदी हळू म्हणाले, "न्या."

ते 'न्या' मला सहन झालं नाही. बघायला आलेल्या मुलीनं तोंड उघडायचं नसतं, विचारलं तर नाव सांगायचं, नाहीतर खाली मान घालून बसायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पोह्यांचं ताट त्या बंगल्याच्याच फळीवर ठेवलं. "काकाजी, बंगला नाई येत," मी म्हणाले. "त्याच्यावर बाबाचं दुकान हाये. मी एकलीच येते. जमत असन तं पाहा."

आईनं आत कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. सासऱ्यांची भुवई वर गेली. सुधाकर माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर रडले असते. आता हा माणूस 'चला' म्हणून उठेल आणि सगळं संपेल, याची मी वाट बघत होते. तेवढ्यात कोणीतरी हसलं. सासूबाई. आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. डोक्यावरून पदर घेतलेल्या, अंगानं बारीक. त्या खुर्चीतून उठल्या, महिरपीजवळ गेल्या आणि त्यांनी बोटानं ती वेल, ते पक्षी हळूच चाचपले.

"आवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे नेऊन ठेवसान कुठी? आपल्या दारातून आत तरी जाईन का? दारात उभं केलं तं बकऱ्या पाठ घासतीन."

"तं मंग गावाले काय सांगू?"

"फोटो काढा. तुमचा न माहा. इथंच, बंगल्यापाशी. घरी टांगा. कोनं इचारलं तं म्हना, सोयऱ्याच्या बंगल्यातला हाये. खोटं थोडीच हाये?" आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "आपला जोड्याचा फोटो नाई एकबी. पोट्टं नोकरीले लागलं तरी नाई."

सासरे बघत राहिले. इतक्या वर्षांत बायकोनं स्वतःसाठी काही मागितलेलं त्यांच्या ओळखीचं नसावं. त्यांनी फेटा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला, आणि तेवढ्यानंच बाबांच्या अंगात जीव आला. बाबा आता सोयरे नव्हते, फोटोवाले होते, आणि फोटोवाल्यापुढे पाटलालाही मान खाली घालावी लागते. त्यांनी काठीनं मलमल ओढली, ऊन बरोबर बसवलं, सासऱ्यांचा हात उचलून फळीवर ठेवला, सासूबाईंना डाव्या अंगाला उभं केलं. "जवळ या. आजून जवळ. घरचीच हाये ना?" सासूबाई पदरात हसल्या. सासरे ताठ उभे. त्यांचा राग कुठंतरी कमी होत होता, पण तो पुरता गेला की नाही हे कोणाला सांगता आलं नसतं. त्यांनी माझ्याबद्दल हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझं सगळं त्या बंद ओठांत अडकलं होतं.

बाबा काळ्या फडक्याखालून बाहेर आले. "मान खाली... नजर इकडं... हालू नका, बोलू नका..." त्यांनी झाकण काढलं.

तिकडे आईची भाकरी थांबली. मीही श्वास धरला. आणि झाकण बाबांच्या हातात असतानाच, नजर कॅमेऱ्यावरून न ढळवता, मान इकडची तिकडे न करता, सासरे बोलले.

"पोट्टी पसंत हाये आमाले."

बाबा आकडे विसरले. झाकण क्षणभर हवेतच राहिलं. आई आतून धावत आली आणि दारात पिठाच्या हातांनी डोळे पुसायला लागली. सुधाकरनं काय केलं ते मला सांगता येणार नाही, कारण मला सगळंच पाण्यातून दिसत होतं. इतकं आठवतं की मला हसायला येत होतं आणि थांबवता येत नव्हतं, आणि सासूबाई फोटोतली जागा न सोडता, आपला फोटो बिघडेल म्हणून, उभ्या जागीच ताठ राहून नुसत्या डोळ्यांनी हसत होत्या.

ती महिरप आज माझ्या दिवाणखान्यात आहे. भाच्यानं पुसदचं दुकान नवं केलं, तिथं आता ऑनलाइन अर्ज भरतात आणि मिनिटात फोटो निघतो. तो म्हणाला, आत्या, ही जुनी लाकडं काढून टाकतोय, तुला हवीत का? म्हणजे दुसऱ्यांदा ती चुलीतून वाचली. तिच्या पोटात आमचा टीव्ही बसवला आहे, आणि नात म्हणते की साहेबाच्या देशात आता लोक टीव्हीवरच शेकोटी लावून बघतात. असेलही. माणसाला काय काय आवडेल सांगता येत नाही.

आठ दिवसांनी सासरे एकटेच फोटो न्यायला आले, तेव्हाचं सांगायचं राहिलं. प्रिंट मी रंगवून ठेवली होती. फेटा गुलाबी, लुगडं हिरवं, पक्षी पांढरा आणि दुसऱ्याची चोच पिवळी. सासूबाई इतक्या स्वच्छ आल्या होत्या की पापण्या मोजाव्यात. सासरेही फेट्यापासून मिशीपर्यंत रेखीव. फक्त मिशीखाली ओठ नव्हते. तिथं धूर पुसल्यासारखी एक फिकट जागा होती. बाबांना लाज वाटत होती. सोयऱ्याचा पहिला फोटो आणि तोच असा.

"झाकन उघडं असतानी तुमी बोलले ना, म्हनून तोंड गेलं," बाबा म्हणाले. "माफी करा. बसा, दुसरा काढून देतो. नाईतर पेन्सिलीनं ओठ काढून देते पोरगी, कोनाले समजनार नाई."

सासऱ्यांनी फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. मग तो काखेतल्या उपरण्यात गुंडाळला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना म्हणाले, "राहू द्या तसंच. देल्ला शब्द हाये थो. त्याले खोडरबर लावू नका."